वाचकांचे प्रश्न : उचललेल्या गाडीला कोणती चाके, किती मोठे टायर?

कच्च्या वाटांसाठी गाडीचे सस्पेन्शन उचलून घेतलेल्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली आहेत. गाडी उंच झाल्यावर मूळ चाके तिच्याखाली बारीक दिसू लागतात आणि मोठ्या टायरांचा विचार आपोआपच मनात येतो. त्यांतली सहा पत्रे थोडी आटोपशीर करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या गाडीचे सस्पेन्शन मी ५० मिलिमीटरने उचलून घेतले आहे. मूळ टायर २६५/७० आर १७ या मापाचे आहेत. आता चाकावर एवढी जागा झाली आहे, तर ३१५/७० आर १७ सहज बसतील, असे गॅरेजवाल्यांचे म्हणणे आहे. बरोबर फिरणारे मित्र मात्र २८५/७० च्या पुढे जाऊ नका, असे सांगतात. कोणाचे ऐकावे?

उत्तर : मित्रांचे ऐकावे. त्यांनी कारण सांगितले नसेल, तर ते मी सांगतो.

आधी मापांचा हिशेब करू. २६५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ७० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. भिंत रिमच्या वरही असते आणि खालीही, म्हणून ती दोनदा धरायची. या रीतीने आपल्या मूळ टायरचा व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर येतो, २८५/७० चा ८३१ आणि ३१५/७० चा ८७३. बोलताना यांतल्या शेवटच्या दोघांना ‘तेहेतीस’ आणि ‘पस्तीस’ इंची म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात ते ३२.७ आणि ३४.४ इंच भरतात.

टायरचा व्यास जितका वाढतो, त्याच्या निम्म्यानेच गाडी वर जाते. म्हणजे २८५ मुळे आपल्याला १४ मिलिमीटर मिळतील आणि ३१५ मुळे ३५. १४ मिलिमीटर हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण दोन्ही चाकांना जोडणारा अखंड एक्सल असलेल्या गाडीत त्याची किंमत फार मोठी आहे. सस्पेन्शन उचलल्याने वर जाते ती चौकट आणि बॉडी. एक्सल आणि त्याच्या मधला, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शिअलचा गोळा चाकांच्या मध्याशी बांधलेला असल्याने जिथल्या तिथेच राहतो. वाटेतला दगड प्रथम लागतो तो त्या गोळ्यालाच, आणि त्याला वर नेण्याचा साधा मार्ग मोठा टायर हाच आहे. म्हणून मोठा टायर बसवण्याची आपली इच्छा रास्त आहे. वाद फक्त किती मोठा, एवढाच उरतो.

आता गॅरेजवाल्यांच्या म्हणण्यातली चूक. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना टायर आणि त्याच्यावरची बॉडीची कमान यांच्यामध्ये दिसणारी मोकळी जागा उंच स्प्रिंगांनी वाढते, यात शंका नाही. पण टायर घासतो तो गाडी उभी असताना नव्हे. एक चाक दगडावर चढते, त्या बाजूची स्प्रिंग पूर्ण दबते, आणि बंपस्टॉप, म्हणजे चाकाची वर येण्याची हालचाल अडवणारे ठोकळे, मूळचेच ठेवलेले असतील तर चाक कमानीत नेमके तिथपर्यंत वर येते, जिथपर्यंत ते लिफ्ट करण्यापूर्वी येत होते. उचलण्याने मिळालेली जागा त्या क्षणी शून्य होते. त्यात चालकाने स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असेल, तर टायरचा पुढचा कोपरा बंपरच्या खालच्या कडेला आणि मागचा कोपरा कमानीच्या मागच्या पत्र्याला भिडतो. बंपस्टॉप लांबवून हे टाळता येते. मात्र मग चाकाची वर येण्याची हालचाल तितकीच कमी होते, आणि खडबडीत वाटेवर चारही चाके जमिनीला टेकून राहावीत यासाठी तीच हालचाल आपल्याला हवी असते.

म्हणून खरेदीपूर्वी मोजणी करावी, आणि ती दबलेल्या स्थितीत करावी. एका बाजूचे पुढचे चाक उतारावर किंवा भक्कम ठोकळ्यावर चढवून ती स्प्रिंग जितकी दबेल तितकी दाबावी, आणि मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून टायरपासून कमानीच्या आतल्या अस्तरापर्यंत, चौकटीपर्यंत, वरच्या आर्मपर्यंत, अँटीरोल बारपर्यंत आणि बंपरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर लिहून ठेवावे. ओळखीच्या कोणाकडे हवे त्या मापाचे चाक असेल, तर ते तासाभरासाठी मागून बसवून पाहावे. याहून चांगली मोजणी नाही. संशय येईल त्या जागी चिकणमातीच्या गोळ्या चिकटवून गाडी हळूहळू फिरवली, की कुठे आणि किती घासते हे त्या गोळ्याच सांगतात. माझ्या एका जुन्या गाडीवर हा खटाटोप न करता मी ‘बसतील’ एवढ्या आश्वासनावर टायर घेतले होते. पहिल्याच चढावर आतल्या अस्तराचा तुकडा चाकाबरोबर बाहेर आला आणि पुढच्या महिनाभरात मी पत्रा कापण्याचे कसब शिकलो.

५० मिलिमीटर उचललेल्या बहुतेक गाड्यांत २८५/७० आर १७ हा टायर अस्तराची थोडी कापणी करून बसतो. ३१५ साठी मात्र कमानीचा पत्रा कापणे, बंपर बदलणे, कधी स्टिअरिंगची वळण्याची मर्यादा कमी करणे, आणि पुढे गिअरांचे प्रमाण बदलणे, अशी कामांची रांग लागते. शिवाय जड आणि मोठे चाक थांबवायला ब्रेकना अधिक जोर लागतो. व्यास वाढल्याने जमिनीचा जोर ब्रेकवर लांब दांड्यावरून येतो आणि फिरणारे वजनही परिघाकडे सरकलेले असते, त्यामुळे थांबण्याचे अंतर वाढते. उचललेल्या गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असताना हे ओझे विचारपूर्वकच वाढवावे.

प्रश्न : मला १७ इंच व्यासाच्या, ९ इंच रुंदीच्या आणि उणे १२ ऑफसेटच्या रिम आवडल्या आहेत. मूळ रिम साडेसात इंच रुंद आणि अधिक ३० ऑफसेटची आहे. बोल्टांची छिद्रे जुळली म्हणजे झाले, असे विक्रेता म्हणतो. टायर २८५/७० आर १७ घेणार आहे.

उत्तर : बोल्टांची छिद्रे जुळली म्हणजे रिम गाडीला लावता येते, इतकेच सिद्ध होते.

ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा आणि हबला (गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बोल्टांनी बसते त्याला) टेकणारा तिचा पृष्ठभाग यांतील अंतर. हा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट अधिक आणि चाक गाडीखाली आत जाते. आतल्या बाजूला असेल तर ऑफसेट उणे आणि चाक बाहेर येते. आपल्या उदाहरणात अधिक ३० वरून उणे १२ वर जाताना चाकाची मध्यरेषा ४२ मिलिमीटर बाहेर सरकेल. रिम दीड इंच अधिक रुंद आहे, म्हणजे प्रत्येक कडेला आणखी १९ मिलिमीटर. एकूण, रिमची बाहेरची कड ६१ मिलिमीटर बाहेर जाईल, तेही प्रत्येक बाजूला. आतली कड मात्र ४२ वजा १९, म्हणजे २३ मिलिमीटर सस्पेन्शनपासून दूर होईल, आणि विक्रेते मोठ्या उत्साहाने सांगतात तो फायदा हाच.

६१ मिलिमीटरचे दुष्परिणाम तीन ठिकाणी जाणवतात. पहिला परिणाम घासण्यावर. पुढचे चाक वळते ते ज्या रेषेभोवती, तिच्यापासून टायर जितका लांब, तितका मोठा कंस तो वळताना काढतो. म्हणजे सस्पेन्शनकडची अडचण सोडवताना बंपर आणि कमान यांच्याकडची अडचण आपण विकत घेतो. दुसरा परिणाम स्टिअरिंगवर. ती वळण्याची रेषा जमिनीला जिथे मिळते आणि टायर जमिनीला जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंतील अंतर वाढले, की एका चाकाखाली खड्डा किंवा दगड आल्यावर स्टिअरिंग हातातून हिसकल्यासारखे होते आणि एका बाजूच्या चाकाला चिखल लागताच ब्रेक दाबताना गाडी ओढ घेते. तिसरा परिणाम सावकाश होतो : भार बेअरिंगच्या मध्यापासून दूर गेल्याने बेअरिंग आणि बॉल जॉइंट लवकर झिजतात. टायर मडगार्डच्या बाहेर आला की चिखल आणि खडे दरवाजांवर आणि काचांवर उडतात, ही त्यामानाने किरकोळ गोष्ट. मात्र अनेक देशांत झाकणाबाहेर आलेला टायर कायद्यालाही चालत नाही, हे किरकोळ नव्हे.

मी आपल्या जागी असतो तर साडेआठ इंच रुंद आणि अधिक १८ च्या आसपास ऑफसेट असलेली रिम शोधली असती. मध्यरेषा १२ मिलिमीटर बाहेर सरकते. २८५ चा टायर मूळ टायरपेक्षा प्रत्येक बाजूला साधारण दहा-बारा मिलिमीटरच अधिक फुगतो. त्यामुळे त्याची आतली भिंत मूळ टायरची होती तिथेच राहते आणि सगळी वाढ बाहेरच्या बाजूला, तीही सुमारे एका इंचाच्या आत, सामावते. या मापाच्या टायरला साडेसात ते नऊ इंच रुंदीची रिम चालते. ९ म्हणजे मर्यादेची शेवटची पायरी. हवा कमी करून चालवताना टायरची कड रिमवरून सुटू नये यासाठी फार रुंद रिम सोयीची नसते, हाही विचार आहेच.

छिद्रांखेरीज आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. रिमचे मधले भोक हबच्या उंचवट्यावर नीट बसते का. सैल असेल तर योग्य मापाची कडी घालून चाक केंद्रात आणावे, अन्यथा वेगात स्टिअरिंग थरथरते. नटाची बैठक कोणती आहे, शंकूसारखी, गोल की सपाट. शंकूच्या बैठकीत गोल तोंडाचा नट आवळला तरी तो सुटतोच. आणि रिमवर कोरलेली भारक्षमता गाडीच्या जड बाजूच्या एक्सलवरील कमाल भाराच्या निम्म्याहून कमी नाही ना. हा आकडा ज्या रिमवर कुठेच सापडत नाही, ती दिसायला कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

प्रश्न : १७ इंची रिम घ्यावी की २० इंची? टायरचा बाहेरचा व्यास सारखाच ठेवायचा आहे.

उत्तर : १७ इंची, आणि ब्रेकचे कॅलिपर सामावत असतील तर १६ इंचीही चालेल. २८५/७० आर १७ आणि २७५/६० आर २० यांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखा आहे, पण पहिल्याची भिंत २०० मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याची १६५. दगडावर टायर दबतो, वाळूत त्याचा ठसा लांबतो, खड्ड्याचा धक्का रिमपर्यंत पोहोचत नाही, हे सारे भिंतीच्या उंचीवर अवलंबून असते. २० इंची रिम डांबरी रस्त्यावर वळणे अधिक ठामपणे घेते, पण त्यासाठी गाडी उचलण्याची गरज नव्हती.

प्रश्न : बाजूच्या भिंतीवर ‘एलटी’ (लाइट ट्रक) लिहिलेले जाड टायर घ्यावेत का? माझा दहापैकी आठ वेळचा प्रवास पक्क्या रस्त्यावर होतो. विक्रेता चिखलाचे, मोठ्या खाचांचे टायर सुचवतो आहे. दुसरे असे, की टायरवर ८० पीएसआय लिहिले आहे. एवढी हवा भरायची का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका आहे. भिंतीवरचा आकडा हा त्या टायरला कमाल भार वाहण्यासाठी लागणारा दाब आहे. आपल्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. ८० पीएसआय भरल्यास टायर फक्त मधल्या पट्ट्यावर चालेल, पकड जाईल आणि पाठीचे हाल होतील. उलट चूकही होते : मूळ साध्या टायरसाठी दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेला दाब ‘एलटी’ टायरला जसाच्या तसा पुरत नाही, कारण तेवढाच भार वाहायला त्याला थोडी अधिक हवा लागते. टायर कंपन्यांचे भार आणि दाब यांचे कोष्टक मिळते. आपल्या एक्सलवरचा प्रत्यक्ष भार मोजून त्यावरून दाब ठरवावा. कोष्टक हाती येईपर्यंत मूळ दाबाहून चार-पाच पीएसआय अधिक ठेवावेत आणि पट्ट्याची झीज दोन्ही कडांना व मध्ये सारखी आहे ना, हे पाहत राहावे.

मापापुढे लिहिलेला भारांक वाचायला शिकावे. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, ११६ म्हणजे १२५० आणि १२१ म्हणजे १४५० किलो. त्यापुढचे अक्षर वेगमर्यादेचे : क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, आर म्हणजे १७०, एस म्हणजे १८०. नवा भारांक मूळ टायरच्या भारांकापेक्षा कमी असता कामा नये. मात्र तो फार वरचा घेतल्यानेही काही साधत नाही. दहा प्लायच्या, म्हणजे धाग्यांच्या दहा थरांच्या, बरोबरीची ताकद असलेला टायर अणकुचीदार दगडांच्या वाटेवर भिंत फाटू देत नाही, हे खरे. पण त्या ताकदीबरोबर प्रत्येक चाकामागे काही किलो वजन येते, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचे असल्याने गाडी खडबडीत चालते आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर अधिक तापतात. हलकी गाडी असेल आणि तिच्यावर पाण्याच्या टाक्या, छतावरचे तंबू असा संसार नसेल, तर मधल्या ताकदीचा टायर पुरतो.

चिखलाच्या टायरांबद्दल माझे मत सुरुवातीपासून थोडे प्रतिकूल आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या मोठ्या खाचा चिकट चिखल फेकून देतात आणि दगडाच्या कडांना धरतात, तिथे त्यांना तोड नाही. परंतु ओल्या डांबरी रस्त्यावर त्यांचा रबरी भाग जमिनीला कमी टेकतो, पकड कमी पडते, आवाज वाढतो आणि झीजही लवकर होते. दहापैकी आठ वेळा पक्का रस्ता असलेल्या माणसाने सर्व प्रकारच्या वाटांसाठीचा टायर घ्यावा आणि उरलेल्या दोन वेळांसाठी हवा कमी करण्याचे साधन, दाबमापक आणि गाडीवर चालणारा पंप बाळगावा. वाळूत दाब १५ पीएसआयच्या आसपास आणल्यावर टायरचा ठसा जो लांबतो, त्याने मिळणारी मदत कोणत्याही नक्षीपेक्षा मोठी असते. पक्क्या रस्त्यावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरायला मात्र विसरू नये; कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. बर्फाच्या प्रदेशात गाडी फिरत असेल, तर तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण कोरलेले चिन्ह टायरवर पाहावे. केवळ ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे पुरेशी नाहीत, कारण ती नक्षीच्या ठेवणीवरून दिली जातात, तर पर्वताचे चिन्ह बर्फावरची पकड तपासून मिळते.

प्रश्न : ३१५/७० आर १७ टायर बसवल्यापासून गाडी मंद झाली आहे. पूर्वी लिटरला १२ किलोमीटर मिळत, आता १० मिळतात. टायर सदोष असतील का?

उत्तर : टायर ठीक आहेत, आपला मीटर चुकतो आहे आणि आपले गिअर उंच झाले आहेत, म्हणजे चाकांना मिळणारा जोर कमी झाला आहे.

मूळ टायर २६५/७० होते असे धरतो. नवा टायर व्यासाने ८.७ टक्के मोठा असल्याने एका फेऱ्यात तितकाच अधिक पल्ला गाठतो, पण मीटर फेरेच मोजतो. त्याने ५०० किलोमीटर दाखवले तेव्हा आपण साधारण ५४३ किलोमीटर चाललेले असता. ५० लिटर इंधनावर मीटरच्या हिशेबाने १० आणि खऱ्या हिशेबाने जवळपास १०.९ किलोमीटर मिळतात. म्हणजे घट झाली आहे, पण आपण समजता त्याच्या सुमारे निम्मीच. हाच नियम वेगालाही लागू आहे : काटा ८० वर असेल तेव्हा गाडी ८७ ने धावत असू शकते. अनेक गाड्यांत टायरचे माप संगणकात बदलता येते. ते करून घ्यावे, कारण ब्रेक आणि घसरण आवरणाऱ्या यंत्रणाही चाकाच्या फेऱ्यांवरच चालतात.

मंदपणाचे कारण त्याच आकड्यात आहे. मोठ्या टायरमुळे सर्वच गिअर ८.७ टक्के उंच झाले, जणू प्रत्येक चढ अर्ध्या गिअरने वरून चढतो आहोत. एक्सलमधील गिअरांचे प्रमाण ३.७३ असेल, तर मूळ जोर परत मिळवण्यासाठी ते ४.०५ च्या जवळ हवे. बाजारात मिळणारा ४.१० चा संच त्याला नेमका बसतो. हा संच पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलना बदलावा लागतो. एकच बदलून चारही चाकांना जोर दिल्यास यंत्रणा स्वतःशीच झगडते आणि तुटते. काम खर्चिक आणि कुशल हाताचे आहे. गाडी स्वयंचलित गिअरची असेल आणि चढावर ती सतत गिअर बदलत राहत असेल, तर ते पुढे ढकलू नये, कारण त्या चाचपडण्यात गिअरबॉक्सचे तेल तापते.

प्रश्न : चार नव्या टायरांबरोबर जुनी, लहान स्टेपनी ठेवली तर चालेल का? नवी मागच्या जागेत मावत नाही.

उत्तर : चालणार नाही. कायम चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत एक चाक लहान असेल, तर डिफरन्शिअलला सरळ रस्त्यावरही सतत फरक भरून काढावा लागतो आणि तो तापतो. हवे तेव्हा जोर देणाऱ्या गाडीत निदान पक्क्या रस्त्यावर दोन चाकांवर परतता येते, पण स्टेपनी लागते ती बहुधा वाटेच्या सर्वांत वाईट तुकड्यावर. पाचही चाके एकाच मापाची आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेली असावीत. पाचवे चाक फिरवाफिरवीत सामील केले की ते पडून जुने होत नाही. मागे जागा नसेल तर दाराच्या किंवा बंपरच्या बिजागरीवर भक्कम ब्रॅकेट बसवून घ्यावे. साध्या दारावर मोठ्या चाकाचे वजन टाकल्यास बिजागऱ्या ओघळतात. घेताना भिंतीवरचे शेवटचे चार अंक पाहावेत : पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आणि नवी चाके बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा एकदा, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने ठरलेल्या जोरापर्यंत आवळावेत. नव्या रिमची बैठक पहिल्या काही तासांतच थोडी दबते आणि नट सैल होतात.